दोन्हीकडून आलेलं

वहिनी आमच्या घरात सून म्हणून येण्याआधी माझी मामेबहीण होती. आम्ही दोघी एकाच वर्षीच्या. आमचं गाव आणि मामाचं गाव दोन्ही पाथर्डी तालुक्यातली, मधे एक घाट आणि एक ओढा. सुट्टीत मी मामाकडे गेले की आम्ही एकाच वाकळेत झोपायचो, एकाच ताटात जेवायचो. दहावीची परीक्षा दोघींनी दिली. मला नगरच्या वसतिगृहात ठेवलं होतं म्हणून मी पुढे शिकले. ती गावात होती म्हणून तिचं लग्न झालं. आमच्या दोघींत याहून वेगळा फरक तेव्हा तरी काही नव्हता.

लग्न माझ्या दादाशी झालं. आमच्याकडे ऊसतोडीला माणूस एकटं जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे पोरगा हाताशी आला की त्याला जोडीदारीण शोधतात. लांब कशाला जायचं, असं आईचं म्हणणं होतं. सख्ख्या भावाची पोरगी, डोळ्यांसमोर वाढलेली, कामाला वाघीण. मामाही खूश होता. पोरगी परक्या घरात नाही, बहिणीच्या पदरात पडली असं तो चार लोकांत सांगायचा. कालपर्यंत मला नावानं हाक मारणारी ती हळद लागल्यावर मला ‘वन्सं’ म्हणायला लागली. मला हसू आलं, तिला नाही. आईला मात्र ती शेवटपर्यंत आत्याच म्हणत राहिली. सासू आणि आत्या एकच, मग बदलायचं काय?

पहिली मुलगी झाली, तीन वर्षांनी मुलगा. तोवर मी एम.एस्सी. करून नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरला उच्च माध्यमिकच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवायला लागले होते. दादा-वहिनी तोडीला त्याच भागात यायचे. रविवारी मी त्यांच्या कोपीवर जायची. उसाच्या पाचटाची ती बुटकी खोपटी, दारात बैल, मागे फड. तिथेच एका संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं की थोरली दिवस कलला की जागची हलत नाही. दिवसभर बैलांच्या पायांतून धावणारी पोर, सूर्य टेकला की बैलगाडीच्या चाकाला धरून उभी राहायची. वहिनीनं हाक मारली की दोन्ही हात पुढे करून यायची. एकदा अशीच आली आणि चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यात तिचा पाय पडला. दादानं तिला आधी एक चापट मारली, नंतर पाय बघितला.

“मुद्दाम करती,” दादा म्हणाला. “दिवसा बरं समदं दिसतं हिला.”

आरोग्य केंद्रात जीवनसत्त्वाचा डोस दिला. आईनं बोकडाची कलेजी भाजून खाऊ घातली, शेवग्याचा पाला खाऊ घातला. काही फरक पडला नाही. मी हट्ट धरला, तेव्हा नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि तिथून पुण्याला पाठवलं. पुण्याला मी, दादा आणि थोरली असे तिघंच गेलो. वहिनीला धाकट्यासाठी मागे थांबावं लागलं. त्या दिवशी ती बरोबर असती तर पुढचं काही वेगळं झालं असतं का, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. बहुतेक नसतं झालं.

डॉक्टरबाईंनी पोरीच्या डोळ्यांत औषध घालून तास-दीड तास बसवलं, मग यंत्रांवर तपासलं. शेवटी दादाला विचारलं, तुमचं आणि बायकोचं लग्नाआधीचं काही नातं आहे का. दादानं छाती काढून सांगितलं, “व्हय की. माझ्या सख्ख्या मामाची पोरगी हाय.” बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, जन्मापासूनचा. आधी अंधारात दिसत नाही, पुढे बाजूचं दिसेनासं होतं, मोठेपणी नळीतून पाहावं तेवढंच उरतं, कदाचित तेही नाही. औषध नाही.

परतीच्या एस.टी.त मी दादाला समजावलं. हेच मी बारावीच्या पोरांना दर वर्षी शिकवते, पण इतक्या सावकाश मी वर्गात कधी बोलले नव्हते. म्हटलं, शरीर कसं घडवायचं याची लिहिलेली माहिती प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. माहितीची नक्कल होताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. कुणाच्याही घरात चुकतं, त्यात पाप नाही. एक प्रत चुकीची असली तरी दुसरी चांगली असते, तिच्यावर भागतं. माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही, आणि तो ती चूक पुढे देत राहतो. दोन्ही प्रती चुकीच्या आल्या तरच आजार होतो. परक्याशी लग्न केलं तर त्याच्याकडे नेमकी तीच चूक असणं अवघड. नात्यात केलं तर सोपं, कारण दोघांकडे ती एकाच माणसाकडून आलेली असते.

दादानं सगळं ऐकलं. मग एकच विचारलं.

“म्हंजी माझ्याकडून बी आलंय?”

“हो दादा. दोघांकडून आलंय. एकाकडून येऊन ते होतच नाही.”

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. थोरली माझ्या मांडीवर झोपली होती. नगर येईपर्यंत तो बाहेरच बघत राहिला आणि मी समजले की त्याला समजलं.

घरी गेल्यावर त्यानं आईला सांगितलं ते एवढंच: डॉक्टरीण म्हणाली, आजार वंशातला हाय, मामाच्या पोरीशी लगीन केलं म्हणून झालं. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. त्यानं फक्त अर्धं गाळलं. आणि आईनं त्या उरलेल्या अर्ध्याचा अर्थ लावला की खोट मामाच्या घरातली आहे. महिनाभरात आमच्या वस्तीवर, मग गावात, मग पै-पाहुण्यांत तेच बोललं जाऊ लागलं. वहिनी पाणवठ्यावर गेली की बाया तिच्या डोळ्यांकडे निरखून बघायच्या. तिचे डोळे चांगले होते. ती सुईत दोरा एका झटक्यात ओवायची.

मी मामाकडे गेले. मनात होतं की कुठे काही धागा सापडला तर आईपुढे ठेवता येईल. मामा ओट्यावर बसला होता, खचलेला. पोरीच्या सासरहून, म्हणजे सख्ख्या बहिणीकडून, काय काय निरोप येत होते ते त्यानं सांगितलं. मी विचारलं, आपल्यात आधी कुणाला असं होतं का? त्यानं आधी वळून आत कुणी ऐकतंय का ते बघितलं. मग म्हणाला, “तुझी धाकटी मावशी. दिवस मावळला की भिताडाला धरून चालायची. बाहेर सांगायचं न्हाई अशी आमच्या बापाची ताकीद हुती. पोरीची जात.”

मला एक मावशी होती आणि ती लहानपणी विहिरीत पडून गेली एवढं मला माहीत होतं. आई सांगायची की तिन्हीसांजेला तिला काहीतरी दिसलं, ती भ्यायली आणि पळाली. मामा म्हणाला, काही दिसलं नव्हतं. दिसत नव्हतं म्हणूनच ती पडली.

त्या रात्रीची एस.टी. मी सोडली आणि सकाळी पहिल्या जीपनं आमच्या गावी आले. आई ज्वारी पाखडत होती. मी विचारलं, धाकटी मावशी कशी गेली?

“पाय घसरला तिचा,” आई म्हणाली. सूप थांबलं नाही.

“तिला संध्याकाळी दिसायचं नाही ना?”

“कोन बोललं? माझा भाऊ बोलला आसल. त्याची बी बहीनच हुती ती.”

“तुझीपण होती, आई.”

आता सूप थांबलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला दिसतंय. माझ्या पोराला दिसतंय. तुला दिसतंय. आमच्यात काय बी न्हाई.”

यावर मी जे बोलले ते सगळं बरोबर होतं आणि सगळं वाया गेलं. ज्याला दिसतं त्याच्यातच ते लपून राहतं, म्हणून तर पिढ्यानपिढ्या टिकतं, असं मी सांगत राहिले. मावशी गेली म्हणून ते गेलं नाही. ते मामाबरोबर चालत राहिलं, आईबरोबर चालत राहिलं, आणि दादा-वहिनीच्या लग्नात पुन्हा एकत्र आलं. आई म्हणाली, बाई, तुझं शिक्षान तुझ्या पोरांना सांग.

आमचे वडील मधे पडतील असं मला वाटलं होतं. ते शेळ्या राखायचे. एकच बोकड वर्षानुवर्षं कळपात ठेवला की करडं मरतुकडी निघतात हे त्यांना ठाऊक होतं आणि दर दोन-तीन वर्षांनी ते लांबच्या गावाहून बोकड बदलून आणायचे. मी त्यांना तेच म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शेरडांना सोयरीक नसती, बाय.” यात त्यांना काहीही चुकीचं वाटलं नाही. पाच-सात गावांत आमच्या भावकीच्या सोयरिकी फिरतात. तीच आडनावं, तीच घरं, पोरगी दिली की पुढच्या पिढीत तिची पोरगी परत आणायची. एवढ्याशा वर्तुळात एखादी चूक शिरली की तिला बाहेर जायला वाटच नसते. तिला सोबत मिळेपर्यंत ती वाट बघते. मोठ्या लोकसंख्येत ती विरून गेली असती किंवा एकटीच भटकत राहिली असती. हे सगळं पुस्तकात दोन पानांत आहे. परीक्षेला त्यावर चार गुणांचा प्रश्न येतो.

त्या वर्षीचा पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम संपला आणि सगळे गावी आले, तेव्हा बैठक बसली. आमच्याकडची चार माणसं, मामाकडची चार. दादाला दुसरं लग्न करायचं होतं. मी आधी त्याला गाठून बोलले. म्हटलं, तुला मुलं आहेत, बायको आहे, ती तुझ्याबरोबर पंधरा-पंधरा तास ऊस तोडते. आजार तुझ्यातही आहे. तो म्हणाला, “आसल. पन बाहेरची केली तर व्हनार न्हाई, आसं तूच बोलली.” मी बोलले होते. तसंच बोलले होते.

बैठकीत मला बसू दिलं नाही. स्टँपपेपरवर काडीमोड झाली, जी कायद्यात काडीचीही टिकत नाही आणि आमच्याकडे दगडावरच्या रेघेसारखी टिकते. मामानं कोर्टात जायचं नाव काढलं नाही, कारण समोर बहीण होती. मग पोरांचं ठरलं. धाकट्याचे डोळे चांगले होते, तो रात्री अंगणात चांदण्यात खेळायचा. म्हणून तो आमच्याकडे ठेवायचा. थोरली वहिनीबरोबर जाईल. जे चांगलं निघालं ते आमचं, जे खराब निघालं ते त्यांचं. पोरंही वाटून घेतली ती त्याच हिशेबानं.

वहिनी निघाली तेव्हा दुपार होती. मी दारातच होते. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं, आणि थोरली. धाकटा पाच वर्षांचा होता. आईनं त्याला मुद्दाम मांडीवर घेऊन त्याच्या डोक्याला तेल लावायला घेतलं होतं, म्हणजे तो पळत जाणार नाही. वहिनी रडली नाही. आईसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आत्या, मी तुमच्याच माहेरी चाललेय.”

आईचा तेलाचा हात चालूच राहिला.

दुसरी वहिनी शेवगावकडची, नात्यातली नाही, गोत्यातली नाही. स्वभावानं चांगली आहे, तिच्याविरुद्ध मला काही सांगायचं नाही. तिला मुलगी झाली, मग मुलगा. दोघांचे डोळे आईनं स्वतः तपासले. मिणमिणता दिवा कोपऱ्यात ठेवायचा आणि बाळापुढे चमचा फिरवायचा. बाळाची नजर चमच्यामागे फिरली की आई सगळ्या आळीला सांगून यायची. गावाला याहून मोठा पुरावा कशाला हवा होता? बाप तोच, बायको बदलली, पोरं चांगली निघाली. म्हणजे खोट पहिलीतच. मी जे शास्त्र सांगितलं होतं ते अक्षरशः खरं ठरलं आणि नेमकं त्याच खरेपणानं माझ्या मामेबहिणीला कायमची दोषी ठरवलं. दुसरीची पोरं चांगली निघाली ती दुसरीकडे ती चूक नव्हती म्हणून. दादाकडची चूक होती तिथेच होती, त्या दोन्ही बाळांत निम्म्या शक्यतेनं पोहोचली होती, आणि चमच्यामागे नजर फिरवत हसत होती. हे मी एकदा आईला सांगितलं. त्यानंतर मला दिवाळीला बोलावणं आलं नाही.

मामाच्या घरी सोडलेल्या पोरीला आणि तिच्या लेकीला किती दिवस जागा असणार? वहिनीची भावजय वाईट नव्हती, पण तिलाही मुली होत्या आणि त्यांच्या सोयरिकींची काळजी होती. डोळ्यांनी अधू पोर घरात दिसली की पाहुणे प्रश्न विचारतात. वहिनी शिर्डीला गेली. एका फुलवाल्याकडे हार ओवायला लागली, मग पत्र्याची एक खोली घेतली. थोरलीला मी अंध मुलींच्या शाळेत घातलं, सुट्टीत माझ्याकडे आणलं. ती बारावी झाली. तिला समोरचं थोडं दिसतं अजून, एखाद्या फटीतून बघावं तसं. हार ओवायला तिला डोळे लागत नाहीत. झेंडू, शेवंती, गुलाब, बोटांना वेगळे कळतात. लग्नाचं कुणी विचारत नाही. विचारलंच तर कुणी पन्नाशीचा बिजवर.

धाकटा आमच्या घरात वाढला. दुसऱ्या वहिनीला आई म्हणतो. कोयता धरायला लागला, आणि मागच्या वर्षी त्याच्या जोडीदारणीची गोष्ट निघाली. मला फोन आला तो वहिनीचा, शिर्डीहून. आवाज इतका हलका मी तिचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. म्हणाली, “वन्सं, जमलं. माझ्या भावाची पोरगी दिली त्याला.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. धाकट्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आई स्वतः होऊन भावाच्या घरी गेली होती, इतक्या वर्षांनी. दोघं बहीण-भाऊ गळ्यात पडून रडले म्हणे. झालं गेलं विसरायचं ठरलं. तुटलेलं घर पुन्हा जोडायचं, तर सोयरिकीशिवाय दुसरं काय आहे आमच्याकडे?

मी त्याच दिवशी शिर्डी गाठली. वहिनीला म्हटलं, तुला माहीत आहे ना यात काय आहे. धाकट्याला दिसतं, पण त्याच्यात ते नसण्यापेक्षा असण्याचीच शक्यता जास्त आहे. तुझ्या भावातही असू शकतं, त्याच्या मुलीतही. निदान दोघांचं रक्त तपासू. आता तपासता येतं, मी करते सगळं.

ती हार ओवत होती. म्हणाली, “माहीत हाय. तुमच्याइतकं न्हाई, पन मला भोगून माहीत हाय.”

“मग?”

“तो माझ्या बापाच्या दारात जावई म्हनून ईल. सणाला ईल, धोंड्याला ईल. मी तिथं आसन. कोन मला उठवनार? दुसरीकडची केली तर मला त्याचं तोंड बी दिसायचं न्हाई, वन्सं.”

मी तपासणीचं पुन्हा बोलले. ती म्हणाली, रक्त तपासायचं म्हटलं तर आत्या लगीन मोडतील, पुन्हा आमच्या घराचं नाव निघंल. तुम्ही काय बोलू नका. तिनं माझ्यापुढे हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त एवढं सांगितलं आणि पुढचं फूल उचललं.

मी तरीही बोलले. धाकट्याला फोन केला. तो मला नीट ओळखतही नव्हता. म्हणाला, आजी म्हणते तसं. नवरीमुलीच्या आईला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि ते आईला कळवलं. आईनं निरोप धाडला की लग्नात विघ्न आणायला येऊ नये.

थोरलीलाही लग्नाला नेलं नाही. पाहुण्यांत तिला बघून कुजबुज झाली असती. फुलवाल्याच्या दुकानावर कुणीतरी पाहिजे, असं वहिनीनं तिला सांगितलं, आणि तिनं ते खरं मानल्यासारखं केलं. लग्नाच्या दिवशी मी शिर्डीला तिच्याजवळ जाऊन बसले. गुरुवार होता, हारांना गर्दी होती. दुपारी वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. मांडवात बँड वाजत होता, काही ऐकू येत नव्हतं. थोरलीनं मोबाईल डोळ्याला अगदी चिकटवून धरला आणि हळूहळू इकडून तिकडे सरकवत राहिली, कारण तिला एका वेळी पडद्याचा एवढासा तुकडाच दिसतो.

“फेटा दिसला भाऊचा,” ती म्हणाली. “आजी दिसली. आजी नाचतीय, आत्या.”

मी बघितलं नाही. तिनं अजून थोडा मोबाईल सरकवला, नवरी कुठे आहे ते शोधत राहिली, आणि तेवढ्यात कॉल बंद झाला. गिऱ्हाईक आलं होतं. तिनं मोबाईल माझ्याकडे दिला आणि हार बोटांनी मोजून त्याच्या हातात ठेवले.